अठरा तासांचा लॅपटॉप आणि तळोद्याची लाइट

लॅपटॉपचे रिव्ह्यू वाचणं हे माझं जुनं व्यसन. विकत घ्यायचा नसला तरी वाचतो. बायको म्हणते, लोक स्थळं बघतात तसा तू लॅपटॉप बघतोस, आणि जमत कुठेच नाही. यंदा जमलं. ऑफिसच्या रिफ्रेशमध्ये मला दोन पर्याय दिले होते. एक जाडजूड, पंखेवाला, ताकदवान. दुसरा मॅकबुक एअर, २०२५ च्या मार्चमध्ये आलेला एम४ वाला. टीममधल्या झाडून सगळ्यांनी पहिला घे म्हणून सांगितलं. बिल्ड लवकर होतात, डॉकर पळतं वगैरे. मी एअर घेतला.

आता याचे रिव्ह्यू वाचाल तर बहुतेक ठिकाणी एकच सूर. दिसायला तोच, जाडी तीच, नवीन काय तर आकाशी रंग, १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा, बेसलाच १६ जीबी रॅम आणि झाकण उघडं ठेवून दोन बाहेरचे मॉनिटर. बॅटरी? कंपनी म्हणते १८ तास व्हिडिओ, १५ तास वेब. म्हणजे २०२० च्या एम१ ला जे म्हणत होती तेच. मग रिव्ह्यू लिहिणारा बिचारा खोलीत एसी लावतो, ब्राइटनेस ठरावीक आकड्यावर ठेवतो, वायफायवर तीच ती पानं फिरवतो आणि आकडा काढतो. त्याची काही चूक नाही. पण माझा प्रश्न त्या आकड्यात नव्हता. माझा प्रश्न असा होता : तळोद्याला आप्पांच्या घरी लाइट गेली तर मी किती वेळ नोकरीत आहे?

जरा पार्श्वभूमी सांगतो. तळोदा म्हणजे नंदुरबार जिल्हा, सातपुड्याचा पायथा. पुण्यातल्या मित्रांना नंदुरबार म्हटलं की "ते धुळ्याच्या पुढे ना?" एवढंच आठवतं. (१ जुलै १९९८ पर्यंत ते धुळ्यातच होतं, त्यामुळे अगदीच चूक नाही.) आम्हाला पुण्यापेक्षा सुरत जवळ. आई गेल्यापासून आप्पा तिथे एकटे असतात. चौऱ्याहत्तर वय, शिक्षकी पेशातून निवृत्त, आणि पुण्यात यायला ठाम नकार. येतात, आठ दिवस राहतात, नवव्या दिवशी पिशवी भरतात. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसातून चार वेळा थेंब टाकायचे, खाली वाकायचं नाही, धूर नको. महिनाभर शेजारच्या काकूंनी केलं. दुसऱ्या डोळ्याचं व्हायचंय. मला हिवाळ्याचे चार महिने तिकडे राहायचं होतं.

मॅनेजर भला माणूस आहे. म्हणाला, "अरे राहा की. मला फक्त ऑन-कॉलची खात्री दे." आमच्याकडे दर पाचव्या आठवड्याला ऑन-कॉल येतो. रात्री-बेरात्री सिस्टिम बोंबलली तर पंधरा मिनिटांत फोनला उत्तर आणि लॅपटॉप उघडा. हे जमत नसेल तर चार महिने नाही, सुट्टी काढून ये. त्यामुळे मे महिन्यात मी दोन आठवडे चाचणी म्हणून गेलो. मे मुद्दाम निवडला. मे मध्ये जो टिकला तो नोव्हेंबरमध्ये टिकणारच.

याआधीचा अनुभव काही चांगला नव्हता. २०२० मध्ये सगळं बंद असताना मी घरून काम केलं ते त्यावेळच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर. पंधरा इंची धूड, आणि चार्जरच अर्ध्या विटेएवढा. लाइट गेली की अडीच तासांत संपायचा, म्हणून कायम इन्व्हर्टरवर. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झालेली. त्यावर दोन पंखे, दोन ट्यूब आणि हा राक्षस. एका दुपारी मी मीटिंगमध्ये होतो, बाहेर आलो तर आप्पा ओसरीवर घामाने थबथबलेले, हातात वर्तमानपत्राची घडी घेऊन वारा घेताहेत. "पंखा बंद कया मी. तुना डबा चालू ऱ्हाऊ दे," म्हणाले. पंखा साधारण ७५ वॅटचा. माझा डबा कामात असताना तेवढंच किंवा जास्त खायचा. म्हणजे हिशोब सरळ होता, एक तर बापाचा पंखा नाहीतर मुलाची मीटिंग. त्यांनी तो न बोलता सोडवून टाकला होता, आणि तो दिवस एकटाच नव्हता.

तेव्हापासून मी लॅपटॉपकडे तासांत बघत नाही, वॅटमध्ये बघतो. आणि वॅटमध्ये बघितलं की या एअरची गोष्ट फार मजेशीर आहे.

२००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्सने पहिला एअर कागदी पाकिटातून काढून दाखवला, तेव्हा दावा पाच तासांचा होता. २०१० मध्ये तेरा इंची एअर सात तासांवर आला आणि २०१२ पर्यंत तिथेच राहिला. मग १० जून २०१३ ला जे मॉडेल आलं त्याच्याबद्दलही लोक असंच म्हणाले होते, की दिसायला तोच, नवीन काय? नवीन एवढंच होतं की तेरा इंचीचे सात तास बारा झाले आणि अकरा इंचीचे पाच तास नऊ. एका वर्षात! आणि बॅटरी किती वाढली? ५० वॅट-अवरची ५४ झाली. बस्स. म्हणजे बाटली जवळजवळ तेवढीच, तहान कमी झाली.

आता गंमत बघा. २०२५ च्या एम४ एअरची बॅटरी आहे ५३.८ वॅट-अवर. २०१३ पेक्षा किंचित कमीच! बारा वर्षांत विहीर एक फूटही खोल गेली नाही. आमच्याकडे शहाद्या-तळोद्याच्या पट्ट्यात हे कुणालाही समजावून सांगायला लागत नाही. विहीर तीच, पण मोकाट पाणी देणं बंद करून ठिबक केलं की त्याच पाण्यात केळी आणि पपई दुप्पट निघते. २०१३ मध्ये इंटेलच्या हॅसवेल चिपने जे केलं ते ठिबकच. प्रोसेसर तुम्हाला वाटतो तेवढा वेळ काम करत नसतो. तुम्ही हे वाक्य वाचताय तेवढ्यात तो कित्येक वेळा नुसता रिकामा बसू शकतो. प्रश्न हा की रिकामा बसताना तो किती खातो आणि किती पटकन झोपतो. हॅसवेल गाढ झोपायला शिकला.

पण नुसत्या चिपने भागत नाही, कारण त्याला झोपू न देणारे आपण सॉफ्टवेअरवाले असतो. एक प्रोग्राम दर शंभर मिलिसेकंदाला उठून विचारतो, काही आलं का? दुसरा दर दीडशेला. तिसऱ्याचा कर्सर लुकलुकतोय. प्रत्येक जण एकेकटा फार काही मागत नाही, पण बाळाला दर दोन मिनिटांनी कुणीतरी हलवून "झोपलास का रे?" विचारलं तर ते झोपणार कधी? म्हणून त्याच २०१३ मध्ये ओएस एक्स मॅव्हरिक्समध्ये टायमर कोअलेसिंग आणलं. म्हणजे सगळ्यांच्या उठण्याच्या वेळा थोड्या मागेपुढे सरकवून एकत्र आणायच्या, एकदाच उठायचं, सगळ्यांची कामं उरकायची, परत झोपायचं. गावातली पिठाची गिरणी जशी दळणं साठली की चालू करतात तसं. मला हे त्या वर्षीचं सगळ्यात सुंदर इंजिनियरिंग वाटतं, आणि त्याचा जाहिरातीत फोटो काढता येत नाही.

मग २०२० च्या नोव्हेंबरमध्ये इंटेल सोडून एम१ आला. ४९.९ वॅट-अवरची बॅटरी आणि १५ तास वेब. भागाकार केलात तर तासाला साडेतीन वॅटच्याही आत. २०१३ ला हाच भागाकार साडेचार येतो. या दोन आकड्यांसमोर जुना साठचा पिवळा बल्ब ठेवून बघा. तो एक तास लावला तर त्यात एअरची अख्खी बॅटरी संपते आणि वर थोडी उधारी राहते. आप्पांना हे सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी शिक्षकाच्या पोराला न शोभणारी थाप मारतोय. मग त्यांनी स्वतः कागदावर भागाकार केला. करून झाल्यावर कागद घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला.

असो. चाचणी.

मे महिन्यातली तळोद्याची दुपार म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस. आता या एअरला पंखा नाही, आणि अ‍ॅपलच्या कागदावर वापराचं तापमान १० ते ३५ अंश असं लिहिलंय. म्हणजे आमच्याकडे उन्हाळाभर दुपारी हे यंत्र कागदोपत्री चालतच नाही. प्रत्यक्षात चालतं, पण सावध होऊन. लांबलचक बिल्ड लावली की पहिली काही मिनिटं जोरात, मग चिप गरम होऊन वेग कमी करते. पुण्यात जे काम नऊ मिनिटांत व्हायचं ते तिथे तेराला गेलं. मी मोठ्या बिल्ड पहाटे उरकायला लागलो. (आमच्याकडे शेतीच्या फीडरला थ्री फेज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते, त्यामुळे अपरात्री उठून मोटार चालू करणारे शेजारी होतेच. मी बिल्ड चालू करणारा एकटा.) दुसरं, उन्हात तापलेल्या खोलीत लिथियम बॅटरी शंभर टक्के भरून ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करणं. ऐंशीच्या आसपास काढून घ्यायचो.

बॅटरीचं म्हणाल तर माझ्या कामात १८ तास विसरा. एडिटर, वीसेक टॅब, चॅट आणि फोनचा हॉटस्पॉट एवढ्यावर दहा-अकरा तास सहज. डॉकर चालू ठेवलं की सात. व्हिडिओ कॉलला तासाला दहा टक्क्यांच्या आसपास. एका दिवशी सकाळी आठला लाइट गेली ती संध्याकाळी साडेपाचला आली. कुठेतरी लाइनवर झाड पडलं होतं. मी पूर्ण दिवस काम केलं आणि २३ टक्के उरले. चार्जर पिशवीतून निघाला नाही. दिवसभर इन्व्हर्टरवर फक्त एक पंखा होता. तो आप्पांच्या खोलीतला. ते जेवून उठले, दोन तास घोरले.

मला त्या घोरण्याचा आवाज फार आवडला. पण त्याच दिवशी दुसरी गोष्ट कळली जी कुठल्याही रिव्ह्यूत नसते. सव्वाअकराला नेट गेलं. लॅपटॉपची बॅटरी ऐंशी टक्के, फोन नव्वद टक्के, आणि टॉवर मेलेला. मोबाइलच्या टॉवरलाही बॅटरी असते आणि तीही संपते. मी १८ तासांचं यंत्र मांडीवर घेऊन तीन तासांच्या टॉवरखाली बसलो होतो.

कोड लिहिण्याचं एवढं अडलं नाही. गिट ही चीज लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिहिली तीच मुळी असं धरून, की प्रत्येकाच्या यंत्रात संपूर्ण इतिहास असेल आणि सर्व्हरशी बोलणं ही रोजची गरज नसेल. कमिट करत गेलो, डॉक्युमेंटेशन आधीच उतरवून ठेवलं होतं, नेट आल्यावर एकदम पुश केलं. पण ऑन-कॉलला गिट काय कामाचं? पुढच्या चार दिवसांत मी वेगळ्या कंपनीचं दुसरं सिम घेतलं, घराला फायबर घेतलं आणि राउटरला दीड हजाराचा छोटा यूपीएस लावला. फायबरवाल्या पोराने सांगितलं, "दादा, आमच्या बाजूचं मशीनपण यूपीएसवर आहे, पण ते किती चालेल ते नका विचारू." नाही विचारलं. दुसऱ्या आठवड्यात रात्री दोनला लाइट नसताना पेज वाजलं तेव्हा तिन्हीपैकी एक रस्ता चालू होता. अकरा मिनिटांत मी सर्व्हरवर होतो. अंधारात, मच्छरदाणीत.

जुलैत परत गेलो तेव्हा जिभाऊबरोबर धडगावला जाणं झालं. जिभाऊ म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, तिकडे वरती शिक्षक आहे. तळोद्याहून चांदसैली घाटाने चढायचं. पावसाळ्यात घाट असा हिरवा असतो की बोलू नये, आणि दरडीही तेवढ्याच. हल्ली शिक्षकाला शिकवण्याइतकंच माहिती भरायचं काम असतं. मुलांची नावं, जन्मतारखा, आधार, सगळं ऑनलाइन. ज्या आधारचा पहिला नंबर देशात २९ सप्टेंबर २०१० ला याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला, त्या आधारसाठी जिभाऊ वर्षानुवर्षं रेंज शोधत फिरतोय, यात मला तरी एक गंमत वाटते. त्याला वाटत नाही. त्याची पद्धत ठरलेली आहे. शाळेत बसून सगळं एक्सेलमध्ये भरायचं, आणि घाटातल्या एका वळणावर, जिथे दोन कांड्या रेंज येते, तिथे गाडी लावून चढवायचं. त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपची बॅटरी वळण येईपर्यंत टिकत नाही, म्हणून तो गाडीत चार्ज करायला कसलंसं जुगाड घेऊन फिरतो.

त्या दिवशी त्याने माझा एअर घेतला. शाळेत लाइट नव्हतीच. दहा ते चार तो भरत बसला, मी व्हरांड्यात पोरांबरोबर. संध्याकाळी वळणावर चढवून झालं तेव्हा ५८ टक्के उरले होते. जिभाऊने तो आकडा दोनदा बघितला. "केवढ्याला?" मी सांगितलं, आला तेव्हा ९९ हजार ९००. तो काहीच बोलला नाही. गाडी सुरू केली. घाट अर्धा उतरल्यावर म्हणाला, "दोन वर्गांची बाकं होतील." मग आम्ही पपईच्या भावावर बोललो.

धडगावच्या बाजूला बिलगाव आहे. 'स्वदेस' (२००४) बघितला असेल तर त्यातला गावकऱ्यांनी मिळून वीज बनवण्याचा प्रसंग आठवेल. सिनेमाचं चित्रीकरण वाईजवळ मेणवलीला झालं, पण आशुतोष गोवारीकर त्याआधी बिलगावला येऊन गेले होते. तिथल्या आदिवासींनी केरळहून आलेल्या तरुण इंजिनियरांबरोबर श्रमदान करून नदीच्या पाण्यावर १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला. २००३ मध्ये तो सुरू झाला. २००६ मध्ये सरदार सरोवराची उंची ११०.६४ वरून १२१.९२ मीटर करायला घेतली आणि त्या पावसाळ्यात प्रकल्प पाण्यात गेला. मोठ्या विजेच्या धरणात छोटी वीज बुडाली. सिनेमात बल्ब लागतो तिथे प्रेक्षक टाळ्या वाजवतात, पण पुढचं सिनेमात येणं शक्यच नव्हतं, तो दोन वर्षं आधी संपला होता.

खोड म्हणून मी तिथेही भागाकार केला. १५ किलोवॅट म्हणजे साडेचार वॅटने तीन हजारांवर एअर. मूर्ख भागाकार आहे, मान्य. तिथे कुणाला तीन हजार लॅपटॉप नको होते. त्यांना संध्याकाळी चार तास दिवा हवा होता, आणि त्या वेळी घरातला एक पिवळा बल्ब माझ्या आजच्या लॅपटॉपच्या दहा-बारा पट खायचा. आज एलईडी आहेत. तीच नदी, तेवढाच प्रकल्प आज असता तर पुरवठा कितीतरी पट पुरला असता. ठिबक आलं, पण इथे विहीरच बुजवली. जिभाऊला हे बोललो तर तो म्हणाला, "तुम्ही इंजिनियर लोक उशिरा फार हुशार होता."

बाकी रिव्ह्यू म्हणून सांगायचं तर कीबोर्ड उत्तम, स्क्रीन ओसरीवरच्या उजेडात थोडी कमी पडते, कॅमेऱ्यात आता मी माणसासारखा दिसतो. नंदुरबारला अधिकृत सर्व्हिस शोधू नका, बिघडला तर मोठ्या शहरापर्यंत जावं लागेल हे धरून घ्या. २५६ जीबीत माझं भागतं, तुमचं भागेल असं नाही. एम१ किंवा एम२ असेल आणि बॅटरी शाबूत असेल तर बदलायची अजिबात गरज नाही. जुना इंटेलवाला असेल आणि तुमचं गाव तळोद्यासारखं कुठे असेल, तर विचार करा. पण आधी दुसरं सिम घ्या आणि टॉवरचा हिशोब करा.

मॅनेजरला मी दोन आठवड्यांचा लॉग पाठवला : किती वेळा लाइट गेली, किती वेळा नेट, पेजला किती मिनिटांत उत्तर. त्याने वाचून एकच प्रश्न विचारला, की तिन्ही रस्ते एकदम बंद झाले तर? मी लिहिलं, तेव्हा मोटरसायकलने नंदुरबार, आणि बॅकअपचा माणूस त्या रात्रीपुरता जागा. बॅकअपच्या माणसाला, म्हणजे टीममधल्या एकाला, मी याच्या बदल्यात दोन किलो सुकी मिरची कबूल केली आहे. हिवाळ्यात नंदुरबारच्या बाहेर पथाऱ्यांवर ती लाल सांडलेली असते, आणायला काही त्रास नाही. मॅनेजरने "ओके, नोव्हेंबर ते फेब्रुवारी" असं कळवलं.

आप्पांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "ये. पण तो डबा माझ्या पंख्यावर लावू नको." मग थोड्या वेळाने त्यांचाच परत फोन आला. डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्यासाठी डिसेंबरचा पहिला आठवडा दिलाय, तर त्या आठवड्यात माझी ती रात्रीची ड्यूटी नाही ना, हे बघून ठेवायला सांगत होते. बघितलं. नाहीये, ती नंतरच्या आठवड्यात येते.